गाडीचा खटला आणि मनाईहुकूम

घरी कोर्टाचा कागद आला म्हणजे आपल्याकडचा माणूस बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. कागद मोटारसायकलच्या चालानाचा असला तर म्हणतो, "जाऊ द्या ना भाऊ, कबूल म्हणू आन् मोकळे होऊ." आणि कागद मनाईहुकुमाचा असला तर म्हणतो, "वावर माझं, मले कोण अडवते ते पाहतो." पहिल्याला भांडायला पुष्कळ जागा असते आणि तो भांडत नाही. दुसऱ्याने थांबायला पाहिजे असते आणि तो थांबत नाही. या दोन्ही कागदांपुढे वकील आपल्या अशिलाचा बचाव कसा करतो, आणि अशिलाने स्वतः काय सांभाळावे, हे आज आपण पाहू.

किन्हीराजासारखे गाव डोळ्यांपुढे ठेवा. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले हे गाव नागपूर–संभाजीनगर रस्त्यावर आहे. बाजार असो, दवाखाना असो, तहसील असो, गाडी त्या रस्त्यावर घालावीच लागते. जिथून रात्रभर ट्रक आणि ट्रॅव्हल्स धावतात तिथूनच सकाळी बैलबंडी जाते, हंगामात सोयाबीनने भरलेली ट्रॉली जाते, आणि दहावीतला पोरगाही बापाची मोटारसायकल घेऊन जातो. अशा गावात वाहतुकीचा खटला कोणाच्याही दारी येऊ शकतो. आणि कागद आला की तो वाचायला प्रथम जातो गुरुजींच्या हाती. म्हणून शिक्षक मंडळींनी हे जरा बारकाईने वाचावे.

कागदावर तीन गोष्टी शोधायच्या. तो कोणी पाठवला, कोणते कलम लिहिले आहे, आणि हजर राहण्याची तारीख कोणती. पोलिसाने किंवा आर. टी. ओ.ने केलेले चालान म्हणजे अजून खटला नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम २०० प्रमाणे बऱ्याच गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरले की प्रकरण तिथेच मिटते. हेल्मेट नव्हते, तर नव्हते. दोघांच्या गाडीवर तिघे होते, तर होते. अशा ठिकाणी पैसे भरावेत, पावती जपून ठेवावी आणि घरी जावे. त्यासाठी वकील लावून चार तारखा पाडण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. मात्र दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा या तडजोडीत बसत नाही. तो न्यायालयातच जातो.

चालान भरले नाही, किंवा ते भरून मिटण्याजोगे नसले, म्हणजे न्यायालयाचे समन्स येते. इथे कायद्याने एक सोय केली आहे. कलम २०८ सांगते की किरकोळ गुन्ह्यात न्यायाधीश समन्सावरच लिहून देऊ शकतात : आरोपीने स्वतः यावे किंवा वकील पाठवावा, नाहीतर ठरल्या तारखेच्या आत गुन्हा कबूल करून अमुक रक्कम मनिऑर्डरने धाडावी; आणि ती कबुली मनिऑर्डरच्या कुपनावरच लिहावी. ज्या चार बोटांच्या जागेत पूर्वी लोक "पैसे पाठवले आहेत, तब्येतीस जपणे" असे लिहीत, तिथेच "गुन्हा कबूल" असे लिहायचे! या वाटेने गेलेल्या माणसावर त्या गुन्ह्याबद्दल पुढे कारवाई होत नाही, आणि केवळ त्या कबुलीमुळे त्याचा परवानाही जात नाही. साध्या चुकीला ही वाट चांगली आहे.

पण ही सवय सगळीकडे लावली की घात होतो. कारण रस्त्यावरच्या गुन्ह्यांचा दुसराही एक वर्ग आहे. हयगयीने गाडी चालवून माणसांच्या जिवाला धोका करणे, हा गुन्हा मोटार कायद्यातला नसून फौजदारी कायद्यातला. पूर्वी त्याला दंड संहितेचे कलम २७९ म्हणत; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ म्हणतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता आकडा पाहून माणूस म्हणतो, हजार रुपयांसाठी वकील कशाला? इथेच फसगत आहे.

असे समजा की अंधारात रस्त्यावर एक ट्रॉली उभी आहे. मागे दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. आपली मोटारसायकल तिच्यावर आदळली, आपला पाय मोडला, मागे बसलेली घरधनीण जखमी झाली. चालती गाडी आपली होती म्हणून खटला आपल्यावर झाला. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी विचारले, "गुन्हा कबूल आहे काय?" आपण "होय साहेब" म्हणालो, दंड भरला आणि चहा पिऊन परत आलो. पुढे दवाखान्याच्या खर्चासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला, तेव्हा ट्रॉलीच्या विमा कंपनीचे वकील त्या कबुलीची नक्कल काढून समोर ठेवतात. चूक याचीच होती, यानेच कोर्टात सांगितले आहे, असे ते म्हणणार. आपण दिव्याची गोष्ट सांगू लागलो, तर ती तेव्हा का सांगितली नाही हा प्रश्न येणारच. आणि गुन्हा कबूल केल्यावर अपिलाची वाटही जवळजवळ बंद होते. शिक्षा फार झाली किंवा ती कायद्याला धरून नाही, एवढेच काय ते वर सांगता येते.

तेव्हा जिथे कोणी जखमी झाले आहे, जिथे परवाना जाण्याचा प्रश्न आहे, किंवा जिथे नोकरी चाकावर अवलंबून आहे, तिथे वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये. "गुन्हा कबूल नाही" असे म्हणणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. सरकारने आरोप केला आहे, तो सरकारने सिद्ध करावा, एवढाच त्याचा अर्थ. बचाव करणारा वकील खोट्याचे खरे करतो असा आपल्याकडे समज आहे. किरकोळ खटल्यात तो काय करतो हे पाहिले तर समज निघून जाईल. तो फिर्यादीची कागदपत्रे घेऊन बसतो आणि प्रत्येक ओळीवर विचारतो, हे कशावरून?

गाडी "भरधाव" होती, असे साक्षीदार म्हणतो. कशावरून? तो कुठे उभा होता, किती लांब होता, गाडी त्याने धडकेपूर्वी पाहिली की आवाज आल्यावर मान वळवली? १९९८ साली कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की गाडी जोरात होती एवढ्यावरून हयगय किंवा बेदरकारी सिद्ध होत नाही. जोर किती, रस्ता कसा, गर्दी होती का, वळण होते का, हे सारे पुराव्यात आले पाहिजे. त्या खटल्यात साक्षीदारांनी नुसते 'भरधाव' म्हटले होते, आणि आरोपी सुटला. म्हणून पंचनामा नीट वाचावा. टायर घासल्याची खूण किती फूट, काच कुठे पडली, ट्रॉलीला दिवा होता असे लिहिले आहे की ते लिहिण्याचेच राहून गेले. माझ्या मते अशा खटल्यात निम्मा बचाव पंचनाम्यातच सापडतो.

वेगाच्या गुन्ह्याबद्दल मोटार कायद्याने दोन राखणी ठेवल्या आहेत आणि त्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. कलम १८३ म्हणते की केवळ एका साक्षीदाराच्या मते गाडी जास्त वेगात होती, एवढ्यावर शिक्षा देता येत नाही. ते मत एखाद्या यंत्राच्या मोजणीवर आधारलेले असले पाहिजे. दुसरी राखण कलम २०९ मध्ये. अतिवेग आणि धोकादायक रीतीने गाडी चालवणे, या दोन गुन्ह्यांत चालकाला त्याच वेळी "तुझ्यावर खटला होऊ शकतो" अशी ताकीद दिलेली असावी, किंवा १४ दिवसांच्या आत त्याला अथवा गाडीमालकाला गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व जागा लिहून नोटीस पाठवलेली असावी, किंवा २८ दिवसांत समन्स लागू झालेले असावे. यांपैकी काहीच झाले नसेल तर शिक्षा होऊ शकत नाही. चालकाचे नाव-पत्ता वेळेत कळणेच शक्य नव्हते, किंवा तो स्वतः लपून बसला, तर ही सवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. सहा महिन्यांनी आलेल्या कागदावर म्हणूनच प्रथम तारीख पाहायची.

आता रस्त्यावर माणसापेक्षा कॅमेरा जास्त आहे. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. बोलत नसेल, पण त्याचे चित्र न्यायालयात आणण्याची रीत आहे. या बाबतीतला मोठा निकाल आपल्या शेजारच्या जालन्याच्या वादातून आला. २०१४ सालच्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यासाठी निवडणूक कचेरीतले व्हिडिओ चित्रण पुराव्यात आले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र हजर केले नसेल तर अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागतेच. आमदारकीच्या खटल्याचा हा नियम. पण मोटारसायकलच्या फोटोवर साक्षीपुरावा होऊन खटला चालला, तर गरिबाचा वकीलही हाच प्रश्न विचारू शकतो : प्रमाणपत्र कुठे आहे? वेग मोजणारे यंत्र तपासलेले होते काय?

दारूच्या खटल्यात प्रमाण ठरलेले आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की तोंडाला वास येणे, पाय लटपटणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असे खात्रीने म्हणता येत नाही. वकील म्हणून तपासणीचा कागद मागतो. पण तपासणीत प्रमाण निघाले असेल, तर चांगला वकील आपल्याला तेही तोंडावर सांगेल आणि शिक्षा कमी होण्यासाठी बोलेल. जो वकील प्रत्येक खटला जिंकून देतो म्हणतो त्याच्यापासून जरा दूर राहावे.

खेड्यात आणखी एक प्रकार फार चालतो. गाडी विकली, पैसे घेतले, पण नाव तसेच राहिले. घेणारा पाहुण्यातलाच, "करू पोळ्यानंतर" म्हणतो, आणि चार पोळे होऊन जातात. मग चालान येते ते विकणाऱ्याच्या नावावर. चालान तर लहान गोष्ट झाली. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीच्या पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक. गाडी मधल्या काळात तीन-चार हातांतून गेली होती, तरी देणे पहिल्याच्या अंगावर आले. विक्री झाली की १४ दिवसांत आर. टी. ओ.ला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. अशा अशिलापुढे वकीलही फारसे काही करू शकत नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शाळेच्या मागल्या भिंतीशी किती मोटारसायकली उभ्या असतात हे आपण रोज पाहता. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी आहे असेच न्यायालय धरून चालते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. इथे पुराव्याचे ओझे उलटे आहे. एरवी सरकारने सिद्ध करायचे असते, इथे बापाने सिद्ध करायचे की मला माहीत नव्हते, किंवा असे होऊ नये म्हणून मी लागेल ती काळजी घेतली होती. रोज शाळेत गाडीवर जाणाऱ्या पोराच्या बापाने "मला माहीत नव्हते" असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मुलाकडे शिकाऊ परवाना असेल आणि गाडी त्या परवान्यात बसणारी असेल तर गोष्ट वेगळी. पण १६ व्या वर्षी मिळतो तो परवाना बिनगिअरच्या ५० सी. सी.पर्यंतच्या गाडीचा, बापाच्या मोटारसायकलचा नव्हे. पालकसभेत हे कलम वाचून दाखवावे.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेही विचारतात, "सर, माझ्यावर गाडीची केस आहे, फॉर्ममध्ये लिहू का?" लिहावे. अवतार सिंग यांच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किरकोळ गुन्ह्याकडे नेमणूक करणारा अधिकारी काणाडोळा करू शकतो. पण जे विचारले ते दडवले, तर दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते.

गाडीच्या धक्क्यातूनच पुष्कळदा दुसरा कागद जन्माला येतो. धक्का लागला, शिवीगाळ झाली, दोन्ही घरची माणसे धावली. आणि आठ दिवसांनी दोन्ही घरांना तहसीलदारांची नोटीस. हिला आपल्याकडे 'चॅप्टर केस' म्हणतात. कलम पूर्वीचे १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १२६. ही शिक्षा नव्हे. "पुढे शांतता मोडणार नाही" असे जास्तीत जास्त एक वर्षाचे बंधपत्र कार्यकारी दंडाधिकारी मागतात. पण बंधपत्र दिले नाही तर माणूस आत जाऊ शकतो, म्हणून हिलाही हलके समजू नये.

या कलमांविषयी एक मोठा खटला मराठी माणसाने लढवला आहे. समाजवादी नेते मधू लिमये यांच्यावर बिहारमधल्या मोंघीरच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी अशी कारवाई केली, आणि त्यांनी ती सर्वोच्च न्यायालयात नेली. १९७० साली निकाल दिला तेव्हा सरन्यायाधीश होते न्यायमूर्ती हिदायतुल्ला, म्हणजे १९५४ साली आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले तेच. न्यायालयाने ही कलमे घटनेला धरून आहेत असे म्हटले. म्हणजे त्या मुद्द्यावर लिमये हरले. पण त्याच निकालात दंडाधिकाऱ्यांचे हातही बांधले गेले. नोटिशीत आरोपाचा सारांश लिहिलेला पाहिजे, म्हणजे समोरच्याला कशाचे उत्तर द्यायचे ते कळेल. आणि चौकशी सुरू न करताच "आधी अंतरिम बंधपत्र दे" असे म्हणता येत नाही. आजही चॅप्टर केसमध्ये वकील प्रथम हेच पाहतो. नोटिशीत नुसते "भांडखोर आहे" लिहिले आहे, की कोणत्या दिवशी कोणाशी काय केले हे लिहिले आहे? शिवाय चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली नाही, तर खास कारणे लिहून मुदत वाढवल्याशिवाय प्रकरण आपोआप संपते. तारखेला हजर राहून नम्रपणे ही हरकत लेखी द्यावी. तारीख चुकवणे हा बचाव नव्हे.

तडीपारीचा हुकूम याहून कडक. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, त्याआधी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, आणि हुकमावर ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी झालेली एक तडीपारी रद्द केली. माणसाला त्याच्या घरादारापासून तोडणारा हा असाधारण हुकूम आहे, आणि पुरी दोन वर्षे का, याची कारणे दिलेली नाहीत, असे न्यायालय म्हणाले.

आता वावराच्या मनाईहुकुमाकडे येऊ. धुऱ्याचा वाद, पांदण रस्त्याचा वाद, भावाभावांतली वाटणी. एका भावाने दावा लावला आणि बेलिफ कागद घेऊन आला की दाव्याचा निकाल लागेपर्यंत अमुक गटात पाऊल टाकू नये. बऱ्याच वेळा हा हुकूम आपले म्हणणे ऐकण्यापूर्वीच झालेला असतो. लोकांना वाटते, म्हणजे दावा गेला! तसे मुळीच नाही. असा हुकूम देताना न्यायाधीशांनी तीन गोष्टी पाहायच्या असतात. मागणाऱ्याचा हक्क वरवर तरी दिसतो काय. हुकूम दिला किंवा न दिला तर जास्त गैरसोय कोणाची. आणि नंतर पैशाने भरून निघणार नाही असे नुकसान होणार काय. समोरच्याला न ऐकता हुकूम दिला तर त्याची कारणे लिहावी लागतात, कागदपत्रांच्या नकला समोरच्याला ताबडतोब पाठवाव्या लागतात, आणि ३० दिवसांत त्या अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो. हुकूम उठवा किंवा बदला, असा अर्ज आपणही करू शकतो. मागणाऱ्याने काही दडवले असेल, म्हणजे वाटणीपत्र झाले होते ते सांगितलेच नसेल, तर तेवढ्यावरही हुकूम उठतो.

वकील या कामी काय मागेल? सात-बारा, फेरफार, भूमी अभिलेखची मोजणी झाली असेल तर तिचा नकाशा, आणि पेरा कोणाचा आहे हे दाखवणारे काहीही. उभे पीक असेल तर तसे पहिल्याच अर्जात लिहावे, कारण सोयाबीन कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. शेंगा फुटून दाणा मातीत जातो. काढणीपुरती परवानगी मागता येते, आणि उत्पन्नाचा हिशेब ठेवण्याची किंवा रक्कम कोर्टात भरण्याची तयारी दाखवली तर ती मिळणे सोपे जाते. समोरचा दावा लावणार अशी कुणकुण लागली असेल तर आधीच कॅव्हेट दाखल करावे. ९० दिवस ते जागे राहते, आणि आपल्याला कळवल्याशिवाय हुकूम निघत नाही.

पण हुकूम चुकीचा आहे म्हणून तो मोडायचा, हे मात्र चालणार नाही. मुंबईतल्या एका जागेच्या वादात अंतरिम मनाईहुकूम मोडला गेला. पुढे असे ठरले की त्या न्यायालयाला तो दावा चालवण्याचा अधिकारच नव्हता. तरीदेखील, हुकूम अस्तित्वात असताना मोडला याबद्दल शिक्षा होऊ शकते, असे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मनाईहुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. ज्याचे वावर खरेच त्याचे आहे, तोच रागाच्या भरात नांगर घालून आपली बाजू लंगडी करून घेतो.

असे अंतरिम हुकूम किती काळ माणसांना बांधून ठेवतात याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर दोन जैन पंथांतल्या वादामुळे १९८१ सालापासून बंद होते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर त्याची दारे उघडली. वादातला गुणदोष हा आपला विषय नाही. एवढेच पाहा की कुलूप उघडले तेही न्यायालयाच्या हुकुमाने.

शेवटचा प्रकार घरातला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला किंवा सासरच्यांना हुकूम करतात : तिला मारहाण करू नये, तिच्याशी संपर्क साधू नये, तिच्या कामाच्या जागी जाऊ नये. नवऱ्याने घर सोडून बाहेर राहावे, असाही हुकूम होऊ शकतो, घर त्याच्या नावावर असले तरी. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागते. हा हुकूम म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. पण संरक्षण आदेश मोडणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे : एक वर्षापर्यंत कैद, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तो अजामीनपात्र आहे.

अशा कामात नवऱ्याचे वकीलपत्र घेणारा शहाणा वकील पहिल्या भेटीत मोबाईल मागतो आणि सांगतो, आजपासून तिला फोन नाही, संदेश नाही, मामाच्या हाती निरोप नाही. "समजूत काढायला गेलो होतो" ही सबब कोर्टात चालत नाही. सांगायचे असेल ते लेखी जबाबात सांगावे. परिस्थिती बदलली असेल तर हुकूम बदलण्याचा अर्ज आहे, आणि ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. लेकरांना भेटायचे असेल तर तीही परवानगी न्यायालयाकडेच मागावी. आणि बाई जर वाचक असेल, तर तिने हे जाणावे की हुकूम हातात पडला म्हणजे काम संपले नाही. त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक संरक्षण अधिकाऱ्याकडे असावी, आणि तो मोडला गेला की त्याच दिवशी कळवावे.

वकिलाची फी कोठून आणायची, हा प्रश्न राहतोच. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो गावापर्यंत आणला. बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जातीजमातीचा माणूस असेल, अपंग असेल, अटकेत असेल, तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा वाशिमच्या जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. लोकअदालतीत प्रलंबित चालाने मिटवता येतात. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम वाचून घ्यावी.

वकिलाकडे जाताना कागदासोबत तो ज्या लिफाफ्यातून आला तो लिफाफाही न्यावा. पुष्कळ लोक तो चुलीत घालतात. त्याच्यावर टपालाचा शिक्का असतो, आणि १४ दिवस, ३० दिवस या मुदती मोजताना त्या शिक्क्यावरची तारीख कामी येते.